दूध कुणाचं, हे विचारलं तर बिघडलं कुठे?

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या घरी नात आली. आली म्हणजे घाईघाईनेच आली. दिवस भरायला आठ आठवडे बाकी होते. वजन दीड किलोच्या आत. काचेच्या पेटीतलं ते एवढंसं पोर बघून माझे तर हातपायच गळाले. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मुलं बघितली, पण इतकं छोटं माणूस कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला.

"अम्मी, हिला अजून पुरेसं दूध येत नाहीये. इथे मिल्क बँक आहे, दुसऱ्या आयांचं दूध देतात. फॉर्मवर सही मागतायत. करू का?"

मी म्हटलं, "थांब, आलेच."

कोंढव्याहून रिक्षाने निघाले. रस्ताभर एकच विचार. दूध कुणाचं असेल?

तिथे पोचले तर विहीणबाई बाकावर बसलेल्या. श्रीवर्धनहून रात्रीच्या गाडीने आल्या होत्या. त्यांच्या मनातही तोच प्रश्न. मुलगा बिचारा दोघींच्या तोंडाकडे बघत उभा. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर बाहेर आले. रात्रभर जागलेले दिसत होते. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे दूध कोणत्या बाईचं आहे ते आम्हाला कळू शकेल का?" ते म्हणाले, "नाही आजी, ते सांगत नाहीत. आणि तुम्ही चांगल्या शिकलेल्या दिसता. बाळाच्या जिवापुढे हे काय घेऊन बसलात?"

सही केली. लगेच केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. नातीचा जीव आधी, बाकी सगळं नंतर. आमच्या मशिदीतल्या मौलानासाहेबांना मुलाने नंतर फोन केला तेव्हा तेही हेच म्हणाले.

पण माझा प्रश्न चुकीचा होता असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. रुग्णालयाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. त्या लोकांनी आमच्या पोरीला जगवलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण "हे काय घेऊन बसलात" हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसले.

आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना हा काय प्रकार आहे ते माहीत नसेल, म्हणून थोडं शिक्षिकेच्या थाटात सांगते. (सवय जात नाही!)

इस्लाममध्ये दुधाचं नातं असतं. नुसतं बोलण्यापुरतं नाही, कायद्याने. कुरआनच्या सूरह निसामध्ये, २३व्या आयतीत, ज्या बायकांशी लग्न करता येत नाही त्यांची यादी आहे. आई, मुलगी, बहीण, आत्या, मावशी, भाची, पुतणी. आणि याच यादीत जिने दूध पाजलं ती आई आहे आणि दुधाच्या बहिणीही आहेत. याला रज़ाअत म्हणतात. जिचं दूध प्यालं त्या बाईचं मूल ते मूल होतं. तिचा नवरा त्याचा दूधबाप होतो. तिची सगळी मुलं, आधीची नि नंतरची, त्याची भावंडं होतात. वारसाहक्क मात्र मिळत नाही. पण लग्न होऊ शकत नाही, पडदा लागत नाही, आणि मान आईचा.

आता किती दूध प्यालं म्हणजे नातं जडतं? इथे पंडितांचे मतभेद आहेत. आमचं माहेर-सासर दोन्हीकडचं घाटावरचं, म्हणजे हनफी. सूनबाई कोकणातली, म्हणजे शाफई. हनफी म्हणतात, ठरलेल्या वयाच्या आत अगदी थोडं दूध पोटात गेलं तरी पुरे, नातं जडलं. शाफई म्हणतात, निदान पाच वेगवेगळ्या वेळा पाजलेलं असलं पाहिजे. म्हणजे त्याच एका बाटलीवर आमच्या दोन घरांचा हिशेब वेगळा! वयाची अट साधारण दोन वर्षांची. त्यानंतर प्यालेलं दूध या हिशेबात धरत नाहीत. (इमाम अबू हनीफांनी अडीच वर्षं धरली, त्यांच्याच शिष्यांनी दोन.)

आमच्या नातीला नाकातून नळी घातली होती आणि दर दोन तासांनी पाच-पाच मिली दूध जात होतं. मला वाटलं, हे तर सगळं नवीन, जुन्या ग्रंथांत कुठून असणार? तर तेही आहे. तोंडाने न पिता नाकातून दूध पोटात घातलं तर काय, याचा विचार हजारबाराशे वर्षांपूर्वीच्या विद्वानांनी करून ठेवला आहे. बहुतेकांचं म्हणणं, पोटात गेलं ना, मग ते दूधच. काहींचं मत वेगळं होतं. लैस इब्न सअद आणि ज़ाहिरी पंथाचे विद्वान म्हणत, बाळाने स्वतः छातीला लागून प्यालेलं असेल तरच नातं. मला यात गंमत वाटली नाही, आदर वाटला. दुधाच्या एकेका थेंबाचा इतका विचार करणारी माणसं होती.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. नातेवाईक मंडळींना ती पाठ आहे, त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

माझं माहेर भोर तालुक्यातलं. मी सहा-सात वर्षांची असताना आमच्या शेजारच्या घरी मुलगा झाला आणि त्याची आई तापाने अंथरुणाला खिळली. घर मराठ्यांचं, भिंतीला भिंत. माझा धाकटा भाऊ तेव्हा चार महिन्यांचा होता, त्यामुळे अम्माला दूध होतं. शेजारच्या आजी पोराला कापडात गुंडाळून आमच्या दारात आल्या. बोलल्या काहीच नाहीत. अम्माने हात पुढे केले. दोन महिने दोघं पोरं अम्माजवळ वाढली. त्याची आई बरी झाली आणि तो घरी गेला. घरी म्हणजे भिंतीपलीकडे.

अब्बांनी तेव्हाच आम्हा भावंडांना बसवून सांगितलं की आजपासून हा तुमचा भाऊ. दूधभाऊ. मला वाटलं, लाडाने म्हणत असतील. तसं नव्हतं. पुढे तो चांगला मिशीवाला गडी झाला तरी अम्मा त्याच्यासमोर पदर सारखा करायची नाही. परक्या पुरुषासमोर करायची, सख्ख्या दिरासमोर करायची, याच्यासमोर नाही. हा मुलगा होता तिचा. तिच्या जनाज्याला त्याने खांदा दिला. दर भाऊबीजेला तो माझ्याकडे येतो, अजूनही येतो, सत्तरीला टेकला तरी. "आक्का, ओवाळ लवकर, एसटी गाठायचीय" म्हणतो. मी ओवाळते. आमच्यात भाऊबीज नसते, त्याच्यात असते. भाऊ त्याच्या पद्धतीने आला तर बहिणीने काय करायचं?

तर मला दुधाचं नातं पुस्तकात वाचून कळलेलं नाही. माझ्या दारात ते दरवर्षी येतं.

आणि हे नातं फक्त आमच्यातच मानतात असंही नाही. माहेरी जाताना सातारा रस्त्यावर कापूरहोळ लागतं, तिथूनच भोरचा फाटा. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ला पुरंदरावर झाला. सईबाईंची तब्येत बरी नव्हती, दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊने राजांना दूध पाजलं. पुढे दोन वर्षांतच, १६५९ साली सईबाई गेल्या. धाराऊचे मुलगे अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या सेवेत होते असं सांगतात. मी सहावी-सातवीला इतिहासही शिकवायचे, कधी शिक्षक कमी पडले की. धाराऊचं नाव आलं की वर्गाला सांगायचे, बघा, साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने दूध पाजलं आणि तिचं नाव, तिचं गाव, तिच्या मुलांची नावं आपल्याला माहीत आहेत.

पैगंबरसाहेबांना हलीमा सादियांनी दूध पाजलं. त्यांच्याही आधी काही दिवस सुवैबा नावाच्या दासीने पाजलं होतं. दासीचं नाव चौदाशे वर्षं टिकलं, ते दुधामुळे. हलीमांची मुलगी शैमा. सीरतच्या ग्रंथांत सांगतात की हुनैनच्या लढाईनंतर, म्हणजे इ. स. ६३०मध्ये, ती कैद्यांमध्ये सापडली आणि तिने ओळख सांगितली, तेव्हा पैगंबरसाहेबांनी तिच्यासाठी आपली चादर अंथरली. अकबर बादशहाच्या दूधभावाचं, अझीझ कोकाचं, तर पदवीतच नातं आहे. कोका म्हणजेच दूधभाऊ.

मग सांगा, जिथे दासीचं नाव राहिलं, तिथे माझ्या नातीला दूध देणाऱ्या बाईबद्दल मी विचारलं, तर मी मागासलेली कशी?

आता दुसरी बाजू. ती मी त्या दिवसांत बरीच वाचली, आणि तिथल्या सिस्टरने समजावूनही सांगितली. (फार चांगली मुलगी. नाव लिहीत नाही, पण दुआ रोज करते.)

आशियातली पहिली मिल्क बँक आपल्याच मुंबईत, शीव रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ला सुरू झाली. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली. आज पुण्यात ससूनमध्येही अशी बँक आहे. ज्या आईला आपल्या बाळाला पुरून उरेल एवढं दूध आहे ती उरलेलं देते. पैसे घेत नाही. आधी तिच्या एचआयव्ही, कावीळ बी वगैरे तपासण्या होतात. दूध साडेबासष्ट अंश तापमानाला अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, पुन्हा तपासतात आणि उणे वीस अंशाला गोठवून ठेवतात. सरकारने २०१७मध्ये या सगळ्याची देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

हे कशासाठी? तर दिवस न भरता जन्मलेल्या बाळांची आतडी फार नाजूक असतात. त्यांना पावडरचं दूध दिलं तर आतड्यांचा एक भयंकर आजार होण्याचा धोका बराच वाढतो. त्यात आतड्याचा भागच्या भाग मरतो. आईचं दूध सगळ्यात चांगलं. ते नसेल तर दुसऱ्या आईचं. पावडर त्यानंतर. म्हणजे ज्या पेटीत आमची नात होती, तिथे ते पाच मिली दूध म्हणजे औषधच होतं.

हे एवढं चांगलं काम. त्यात अडचण कुठे येते? अनेक ठिकाणी चार-पाच आयांचं दूध एकत्र करून मग निर्जंतुक करतात. आणि दूध कुणाकडून आलं, कुणाला गेलं, हे दोन्हीकडच्यांना सांगत नाहीत. बँकेला माहीत असतं, पण त्यांच्या गरजेपुरतं. आमच्यासारख्या घरात मग भीती राहते. उद्या पंचवीस वर्षांनी आपल्या पोरीचं लग्न ठरेल ते नेमकं दूधभावाशीच ठरलं तर? आणि कुणाला कळणारही नाही.

हसू नका. पुणं केवढं मोठं, अशी गाठ पडणार कशी, असं माझा भाचा म्हणाला. अरे बाबा, पुणं मोठं आहे, पण लग्नं काय सगळ्या पुण्यात होतात? कोंढवा, भवानी पेठ, घोरपडे पेठ, कॅम्प, फार तर हडपसर. बाळंतपणाची रुग्णालयं तीच, सोयरिकी त्याच. ज्या वर्षी माझी नात त्या पेटीत होती त्याच वर्षी शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याच मोहल्ल्यातली होती.

जगभरच्या मुसलमानांनी यावर काय केलं? १९८५च्या डिसेंबरात जेद्द्याच्या इस्लामी फिक्‌ह अकादमीने ठराव केला की मुस्लिम देशांत मिल्क बँका काढू नयेत. नाती मिसळतात, संशय राहतो. गरज पडली तर दूध पाजणारी बाई मिळतेच, असाही एक मुद्दा होता. दुसरीकडे शेख यूसुफ अल-करदावी यांचं मत याच्या उलट. त्यांचं म्हणणं असं की कुणाचं दूध, किती दूध, हेच जिथे माहीत नाही तिथे नुसत्या संशयाने नातं सिद्ध होत नाही, म्हणून असं दूध घ्यायला हरकत नाही. सिंगापूरच्या मुस्लिम परिषदेने २०१७ साली मिल्क बँकेचं दूध मुसलमान बाळांना चालतं असा फतवा दिला. कुवेतमध्ये काही डॉक्टरांनी वेगळीच वाट काढली. दूध मिसळायचं नाही आणि दोन्ही घरांची ओळख करून द्यायची. कराचीतल्या मुलांच्या एका सरकारी रुग्णालयात मिल्क बँक तयार झाली होती, पण आधी मिळालेला सशर्त फतवा दारुल उलूमने बदलला आणि जून २०२४मध्ये काम थांबवावं लागलं.

कराचीची बातमी वाचून मला वाईट वाटलं, आणि रागही आला. दूध पाजणारी बाई मिळतेच, हे आमच्या गावात खरं होतं. भिंतीला भिंत होती. आज कोंढव्यात आमच्या इमारतीत बेचाळीस फ्लॅट आहेत. रात्री दोन वाजता कुणाच्या दारात मी पोर घेऊन उभी राहू? आणि पेटीतलं पोर बाहेर न्यायचं तरी कसं? ज्या ठरावाने बाळ उपाशी राहतं तो ठराव नातं जपण्यासाठी केला असं म्हणणं मला पटत नाही. नातं जपायचं ते बाळ जगल्यावर ना?

तेव्हा बंदी हा उपाय नाही. "हे काय घेऊन बसलात" हाही उपाय नाही.

मला आधी वाटत होतं, सरळ नाव सांगावं. जिला हरकत नाही त्या आईचं नाव सांगायला काय होतंय? पण रात्री झोप येईना तेव्हा मीच माझ्याशी वाद घातला. आपल्याकडे नाव कळलं की आडनाव कळतं, आडनावावरून धर्म कळतो, जात कळते. मग कुणी म्हणेल, अमक्यांचं दूध नको. कराचीच्या पहिल्या फतव्यात तर अटच होती की मुसलमान बाळाला मुसलमान आईचंच दूध. माझ्या धर्माच्या जुन्या विद्वानांनीसुद्धा परधर्मी दाईच्या दुधाने नातं जडतं असंच मानलं आहे, आणि आपण आजच्या काळात ही अट घालायची? माझ्या अम्माने दारात आलेल्या पोराचा धर्म विचारला असता तर मला दूधभाऊ मिळाला असता का? आणि त्याच्या आजीने आमचा धर्म बघितला असता तर तो जगला असता का?

ससून रुग्णालय १८६७ साली उभं राहिलं ते डेव्हिड ससून या बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून. तिथे आजवर किती जातीधर्माची बाळं जन्मली याची मोजदाद नाही. पुण्याची ही रीत मोडेल असं काही मला माझ्या धर्माच्या नावाने मागायचं नाही.

मग लक्षात आलं की नाव लागतच नाही. नंबर पुरतो.

बाटलीवर लेबल असतं. त्यावर तारीख आणि बॅच नंबर. त्या सिस्टरला मी विचारलं, हा नंबर मी उतरवून घेऊ का? ती म्हणाली, घ्या की आजी. अकरा दिवस नातीला ते दूध लागलं. अकरा दिवसांचे सगळे नंबर माझ्या वहीत आहेत. तारीख, वेळ, किती मिली. शाळेत हजेरीपट भरायचे तसेच. नंतर सूनबाईला दूध येऊ लागलं आणि वही थांबली.

आता या वहीचा उपयोग काय, तर आज काहीच नाही. कारण दुसऱ्या बाजूची वही कुठे आहे आणि किती वर्षं ठेवतील, हे मला कुणी सांगू शकलं नाही. आणि माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक दूध देणाऱ्या आईला एक नंबर. कोणत्या नंबरचं दूध कोणत्या बाळाला गेलं याची नोंद. ही नोंद पाच-दहा नाही, तीस वर्षं जपायची. जमेल तिथे एका बाळाला एकाच किंवा दोनच आयांचं दूध द्यायचं, मिसळायचं नाही. आणि उद्या लग्न ठरताना एखादं घर चौकशीला आलं, तर नाव न सांगता एवढंच सांगायचं, की या दोन मुलांमध्ये दुधाचं नातं आहे किंवा नाही. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं. माझ्या नातवाला विचारलं तर म्हणाला, "दादी, हे तर अर्ध्या दिवसाचं काम आहे."

डॉक्टर मंडळी म्हणतील, आम्हाला आधीच कामं कमी आहेत का? खरं आहे. ते आमच्या घरचेच दोघं आहेत, मला माहीत आहे त्यांची धावपळ. पण याने दूध घेणारी घरं वाढतील, आणि देणाऱ्या आयाही वाढतील. आमच्याकडे कितीतरी बाया हात मागे घेतात त्या दूध द्यायला नको म्हणून नाही. माझ्या मुलाचं नातं कुणाशी जडलं ते मला कळणार नाही, या धास्तीने.

कुणी विचारतं, रक्त घेताना नाही विचारत, मग दुधाचंच का? कारण रक्ताने असं नातं जडत नाही यावर आमच्या विद्वानांचं सहसा एकमत आहे. दुधाने जडतं, हे कुरआनात स्पष्ट आहे. तुम्हाला पटो न पटो, ज्याला पटतं त्याच्यासाठी तो साखरपुड्याच्या दिवशीचा खरा प्रश्न आहे.

आता थोडं आमच्या लोकांना. जवळचेच आहात, रागावू नका.

सूरह बकरामधल्या २३३व्या आयतीतली दोन वर्षं आपण सगळ्यांना ऐकवतो. सुनेला तर हमखास. आईने पूर्ण दोन वर्षं पाजावं, बघ, लिहिलंय. (आज जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षं आणि पुढेही म्हणते, त्यातले पहिले सहा महिने नुसतं आईचं दूध.) पण आयत तिथे संपत नाही. त्याच आयतीत आहे की ही मुदत, ज्याला ती पूर्ण करायची त्याच्यासाठी. आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर. मुलावरून आईला त्रास होता कामा नये. दूध तोडायचं तर दोघांनी बोलून, राजीखुशीने. आणि दुसऱ्या बाईकडून पाजून घेतलं तरी चालेल, तिचा मोबदला नीट द्या. एवढं सगळं एका आयतीत आहे आणि आम्ही पाठ केलं काय, तर दोन वर्षं!

माझ्या मुलाने त्या अकरा दिवसांत आणि नंतरही जे केलं ते मला या आयतीचं पालन वाटलं. बायको घरी पंपाने दूध काढायची आणि हा बर्फाच्या डब्यात घालून दिवसातून दोनदा रुग्णालयात पोचवायचा. पंप उकळून ठेवायचा. एकदा त्याच्या मामाने थट्टा केली, "काय रे, दूधवाला झालास?" तो म्हणाला, "हो मामू, माझ्यावर फर्ज आहे."

दुसरं, घेताना नंबर विचारता तसं देतानाही पुढे या. आम्ही पहिल्यांदा बँकेची पायरी चढलो ती घेण्यासाठी, ही काही फार मानाची गोष्ट नाही.

महिन्याभराने नात घरी आली. दोन किलोच्या वर. तिला बघायला भोरहून माझा दूधभाऊ आला. सगळी हकीकत ऐकली. वही उघडून नंबर बघितले, चष्मा वरखाली करत. मग म्हणाला, "आक्का, मला बी कुनी बाटलीतून पाजलं असतं तर तू माझी कोन लागली असतीस?" मला उत्तर सुचलं नाही. ते अजून शोधतेच आहे, म्हणून तर एवढं लांबण लावलं.

सूनबाईला पुढे भरपूर दूध आलं. नातीला पुरून उरायला लागलं. एके दिवशी मला न विचारताच ती त्याच मिल्क बँकेत जाऊन देऊन आली. नंतरही तीन-चार वेळा दिलं. म्हणजे पुण्यात कुठेतरी आता माझ्या नातीची दूधभावंडं आहेत. मुलगे की मुली, कोणत्या घरातली, काही कळायचं नाही. नंबर तेवढे मी सूनबाईकडून विचारून घेतले. वहीच्या दुसऱ्या बाजूने पान उलटून लिहिलेत.

ही वही मी नातीच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवली आहे. मी तेव्हा नसेन. मुलासुनेला जागा दाखवून ठेवलीय.

आपल्यापैकी कुणी दूध दिलं असेल, घेतलं असेल, किंवा मिल्क बँकेत काम करत असाल तर जरूर लिहा. माझं काही चुकत असेल तर तेही सांगा. आणि घरची मंडळी, फोन करून भांडू नका. इथेच लिहा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.